रिटर्न पंपाची गुरुवारची परीक्षा

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सदनिकेत खाऱ्या पाण्याची एक टाकी आहे. ती चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरली तर ३४० लिटरांची आणि आतल्या दगडांनी व्यापलेली जागा वजा केली तर तीनशेच्या आसपास. तिच्यात दोन क्लाऊनफिश, थोडी झोअँथिड, मशरूम आणि लेदर जातीची मऊ प्रवाळे आहेत. (कठीण प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतात, त्यामुळे दुकानदार कितीही आग्रहाने दाखवत असला तरी त्या वाटेला मी गेलो नाही.) या टाकीसाठी चार वर्षांत मी तीन रिटर्न पंप, म्हणजे खाली उतरलेले पाणी पुन्हा टाकीत चढवणारे पंप, वापरले. त्या तिघांचे गुणदोष आणि चौथा घ्यायची वेळ आली तर मी काय पाहीन, हे इथे लिहीत आहे.

ज्यांनी गोड्या पाण्याच्याच टाक्या ठेवल्या आहेत त्यांच्यासाठी आधी थोडे सांगायला हवे. प्रवाळांच्या टाकीखाली कपाटात बहुधा एक दुसरी टाकी असते, तिला सम्प म्हणतात. वरच्या टाकीतले पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे काठाशी आलेले जादा पाणी बाहेर काढणाऱ्या, पाइपातून आपल्या वजनानेच खाली सम्पात उतरते, तिथे गाळले जाते, प्रोटीन स्किमर त्यातला मळ फेसाच्या रूपाने काढतो आणि चिलरही तिथलेच पाणी घेऊन गार करून परत सोडतो. हे पाणी पुन्हा वर चढवण्याचे एकमेव काम रिटर्न पंपाचे. तो थांबला की वरची टाकी आणि खालचा सम्प यांचा संबंध तुटतो. स्किमर चालू असतो, चिलर चालू असतो, पण ते दोघे खालचेच साठ-सत्तर लिटर पाणी पुन्हा पुन्हा साफ करत आणि गार करत बसतात, आणि मासे व प्रवाळे ज्या पाण्यात आहेत ते तसेच तापत राहते. हे मला वाचून नव्हे, एप्रिलमधल्या एका गुरुवारी कळले. त्याकडे पुढे येतोच.

पहिला पंप मी दुकानदाराच्या सांगण्यावरून घेतला. साधा एसी पंप, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टवर थेट चालणारा. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘तासाला ३००० लिटर’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘कमाल उंची ३ मीटर’. हे दोन आकडे एकत्र वाचून तीन मीटर उंचीवर तासाला तीन हजार लिटर पाणी मिळेल असे कोणालाही वाटावे. तसे नसते. पहिला आकडा पाणी अजिबात वर चढवायचे नसतानाचा असतो आणि दुसरा आकडा ज्या उंचीला पंपातून थेंबही बाहेर पडत नाही त्या उंचीचा. आपले काम या दोहोंच्या मधे कुठेतरी चालते आणि नेमके कुठे, हे कंपनीने दिलेल्या आलेखावरूनच समजते. ज्या पंपाच्या खोक्यावर किंवा पत्रकात असा आलेख नाही, तो पंप मी आता हातातही घेत नाही.

उंची मोजण्यातही माझी चूक झाली होती. मी पंपाच्या तळापासून टाकीच्या काठापर्यंत टेप लावला आणि सव्वा मीटरच्या जवळपास आकडा आला म्हणून घाबरलो. खरे तर सम्पातल्या पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजायचे असते, कारण पंप ज्या पाण्यात बुडालेला आहे ते पाणी तिथवर आपोआप आलेलेच असते. आमचे स्टँड अडीच फूट, टाकी दीड फूट, सम्पातले पाणी वीस सेंटिमीटर. पाइपाचे वळण धरून खरी चढण सुमारे एक मीटर दहा सेंटिमीटर भरते. घरगुती टाक्यांमध्ये बहुतेकांची चढण याच्या जवळपासच असते. घात करतो तो पाइप.

प्लंबरने अर्धा इंची पाइप जोडून दिला होता, कारण पंपाच्या खोक्यात त्याच मापाची नळी आली होती. मी आंघोळीची पंधरा लिटरची बादली टाकीच्या काठाशी धरून फोनवर वेळ लावली. बादली भरायला ५० सेकंद लागले, म्हणजे तासाला १०८० लिटर. खोक्यावरच्या आकड्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. पंपच बदलून आणावा असा विचार होता, पण त्याआधी नारायण पेठेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून एक इंची पाइप आणला, चार काटकोनी एल्बोंपैकी दोन काढून तिथे लांब वळणाचे बेंड बसवले आणि पुन्हा बादली धरली. या वेळी ३५ सेकंद. तोच पंप, तीच उंची, पण तासाला १५४० लिटर. पाइपातून तेवढेच पाणी न्यायचे असेल आणि आतला व्यास निम्मा केला तर घर्षणाने होणारा तोटा सुमारे ३२ पट वाढतो. दोनपट नव्हे, चौपट नव्हे. एवढा एक हिशेब ठाऊक असता तर पहिला महिना वाया गेला नसता. जोडणीसाठी पितळी निपल किंवा तांब्याचा कोणताही भाग वापरू नये, हेही प्लंबरला दोनदा बजावून सांगावे लागते. गोड्या पाण्याच्या नळजोडणीत त्याला पितळच भरवशाचे वाटते आणि ते साहजिक आहे, पण तांब्याचा अंश कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळे यांना मारक ठरतो.

किती प्रवाह हवा, या प्रश्नावर दुकानात मिळणारी उत्तरे बहुधा पंप विकण्याच्या सोयीची असतात. टाकीच्या दहापट पाणी दर तासाला सम्पातून फिरले पाहिजे, असे मला सांगितले गेले. प्रवाळांना जोरदार हेलकावे लागतात हे खरे, पण ते काम टाकीच्या आत लावलेल्या वेव्हमेकरचे, म्हणजे पाणी ढवळणाऱ्या छोट्या पंख्याचे आहे, आणि तो ते अत्यंत कमी विजेत करतो, कारण त्याला पाणी वर चढवायचे नसते. सम्पातून तीन ते पाचपट पाणी फिरले की गाळणे, स्किमर आणि चिलर यांची गरज भागते. आमच्या टाकीला तासाला हजार ते दीड हजार लिटर पुरतात. त्याहून अधिक पाणी वर नेले तर ओव्हरफ्लोच्या पाइपात घडघड आवाज सुरू होतो, सम्पात बुडबुडे येतात आणि ते बुडबुडे पंपातून पुन्हा वर जाऊन पाण्यात बारीक धुके पसरल्यासारखे दिसते. थोडक्यात, निचऱ्याचा पाइप जेवढे पाणी शांतपणे खाली आणतो तेवढेच वर चढवावे. पंप थोडा मोठा निघालाच तर बाहेर पडणाऱ्या बाजूला बॉल व्हॉल्व्ह लावून प्रवाह आवळता येतो आणि त्याने असल्या पंपाचे काही बिघडत नाही, उलट वीज थोडी कमीच लागते. आत घेण्याची बाजू मात्र कधीही आवळू नये. पंप उपाशी राहतो, आवाज करतो आणि लवकर झिजतो.

आता गुरुवार. आमच्या भागात दुरुस्तीच्या कामांसाठी अधूनमधून गुरुवारी सकाळी लाईट जाते आणि दुपारी येते. टाकी सुरू केल्यानंतरच्या पहिल्याच अशा गुरुवारी पंप थांबला आणि वरच्या टाकीतले पाणी रिटर्न पाइपातूनच उलटे खाली यायला लागले, कारण पाइपाचे तोंड पृष्ठभागाच्या आठ सेंटिमीटर खाली होते आणि ते तोंड उघडे पडेपर्यंत वक्रनलिकेसारखा हा उपसा थांबत नाही. आमच्या टाकीच्या मापाने पातळी एक सेंटिमीटर उतरली की साडेसात लिटर पाणी खाली येते. आठ सेंटिमीटरांचे साठ लिटर झाले. तीन फूट लांब आणि सव्वा फूट रुंद सम्पातली पातळी सतरा सेंटिमीटरांनी चढली, ओव्हरफ्लोतले आणि पाइपातले उरलेले पाणी त्यात पडले आणि हॉलमध्ये खारे पाणी आले. जुन्या चादरी, फडकी आणि घरातली सगळी माणसे कामाला लागली. त्याच संध्याकाळी पाइपाचे तोंड वर घेतले आणि पृष्ठभागाच्या किंचित खाली पाइपाला सहा मिलिमीटरचे एक भोक पाडले, म्हणजे पाणी थोडे उतरताच भोकातून हवा शिरते आणि उपसा तुटतो. अनेक जण यासाठी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, लावतात. तो बसवायला हरकत नाही, पण त्याच्या झडपेत एखादी बारीक गोगलगाय किंवा चुन्याचा कण अडकला की तो अर्धवट उघडा राहतो, त्यामुळे सम्पात परत येणाऱ्या पाण्याची जागा रिकामी ठेवणे हाच खरा उपाय. या घटनेत पंपाचा दोष काडीचाही नव्हता, तरी पंप निवडण्याच्या लेखात ती सांगतो आहे, कारण पंप घेताना आपण तो चालू असतानाचाच विचार करतो.

पंपाचा खरा दोष त्यानंतर अकरा महिन्यांनी, दुसऱ्या एप्रिलात उघडा पडला. गुरुवारी तीन वाजता लाईट आली. साडेसहाला मी कार्यालयातून घरी पोहोचलो तेव्हा वेव्हमेकर फिरत होता, दिवे लागलेले होते, चिलर शांत होता आणि टाकीकडे पाहून कोणालाही सगळे ठीक वाटले असते. फक्त ओव्हरफ्लोतून पाणी पडण्याचा नेहमीचा आवाज नव्हता. कपाट उघडले तर पंपातून बारीक गुणगुण येत होती आणि तो हाताला चांगलाच गरम लागत होता. वरच्या टाकीचे तापमान ३१.५ अंश, खालच्या सम्पाचे २५. चिलरने इमानाने खालचे पाणी गार केले होते आणि काम संपले म्हणून तो थांबला होता. पंप उघडला तेव्हा इम्पेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चक्राच्या, दांड्यावर तांबूस गंज आणि त्यावर पांढऱ्या चुन्याचा थर दिसला. चालू असेपर्यंत तो फिरत राहिला होता, पण एकदा थांबल्यावर पुन्हा सुटायला जो जोर लागतो तो त्याच्यात उरला नव्हता. मासे वाचले ते वेव्हमेकरमुळे. लेदर कोरल आठवडाभर मिटून होते.

त्या दिवसापासून पंपाच्या दर्जाची माझी कसोटी बदलली. चालू असलेला पंप चालत राहणे ही फारशी कर्तबगारी नाही. थांबलेला पंप, गरम पाण्यात, थोडा चुना बसलेल्या अवस्थेत, कोणी जवळ नसताना, न अडखळता पुन्हा सुरू होतो का, हे पाहायचे असते. जिथे वीज वर्षानुवर्षे जात नाही तिथल्या परीक्षणांमध्ये या गोष्टीला एखादे वाक्य मिळते. आपल्याकडे तिला पहिले स्थान द्यायला हवे.

दुसरा पंप डीसी, म्हणजे अडॅप्टरमधून येणाऱ्या एकदिश विजेवर चालणारा घेतला. त्या वेळी सगळीकडे त्याचीच चर्चा होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. साध्या एसी पंपाची एकफेजी मोटर सुरू होताना उजवीकडे फिरेल की डावीकडे याचा नेम नसतो, म्हणून तिच्या इम्पेलरची पाती सरळ ठेवावी लागतात, म्हणजे कोणत्याही दिशेने फिरले तरी पाणी ढकलले जाईल. डीसी पंपात इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर मोटरला नेमक्या दिशेने फिरवतो, त्यामुळे पाती वक्र करता येतात आणि तेवढ्याच विजेत अधिक पाणी चढते. वेग कमी-जास्त करता येतो, माशांना खाऊ घालताना बटण दाबून दहा मिनिटे पंप थांबवता येतो, आणि लाईट आल्यावर तो हळूहळू वेग घेतो. मी घेतलेला पंप कमी किमतीच्या चिनी बनावटीचा होता. त्याची कमाल क्षमता तासाला ५००० लिटर, पण मी तो निम्म्याहून कमी वेगावर चालवत असे. वॉटमीटर लावून पाहिले तेव्हा तो अवघे १८ वॉट घेत होता आणि बादली ३६ सेकंदांत भरत होता. आवाज इतका कमी होता की तो चालू आहे ना, हे पाहायला मी सुरुवातीला रोज कपाट उघडत असे.

वीज आणि उष्णता या दोन्ही बाबतींत डीसी पंपाने मला पूर्ण समाधान दिले. चाळीस वॉटच्या एसी पंपाशी तुलना केली तर २२ वॉटची बचत. चोवीस तास, तीस दिवस धरले तर महिन्याला सोळा युनिट. युनिटमागे दहा रुपये धरले तर वर्षाला एकोणीसशे रुपयांच्या घरात. शिवाय बुडालेल्या पंपाने खाल्लेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते. आमच्याकडे सम्प धरून ३७० लिटर पाणी आहे. चाळीस वॉटचा पंप त्याला, उष्णता कुठेच निघून गेली नाही असे मानले तर, तासाला अंशाच्या दहाव्या भागाने तापवतो. आकडा लहान वाटतो, पण दिवसाचे सव्वादोन अंश होतात, आणि मे महिन्यात हॉलच ३४ अंशांवर असतो तेव्हा ते सगळे चिलरच्या, म्हणजे पुन्हा आपल्याच बिलावर पडतात.

मग तो पंप गेला कशाने? पंप गेलाच नाही, कंट्रोलर गेला. मी तो कपाटाच्या आत, सम्पाच्या वरच्या बाजूला स्क्रूने लावला होता, कारण सोबत आलेली केबल तेवढीच लांब होती. सम्पावरच्या हवेत मिठाचा बारीक तुषार असतो. जुलैच्या दमट हवेत तो सगळीकडे चिकटतो आणि सुकला की पांढरी साय दिसते. चौदाव्या महिन्यात एका सकाळी कंट्रोलरचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले आणि पंप बंद. उघडून पाहिले तर सर्किटच्या कडेला हिरवट बुरशीसारखे काहीतरी चढले होते, ते धातूचे क्षारण. नवा कंट्रोलर मागायला गेलो तेव्हा दुकानदाराने सांगितले की या पंपाची पुढची आवृत्ती आली आहे, तिचा प्लग वेगळा आहे, जुना कंट्रोलर सुटा मिळत नाही, पूर्ण सेट घ्या. उत्तम स्थितीतला पंप, अखंड मोटर, स्वच्छ इम्पेलर, आणि केवळ डबी नाही म्हणून सगळे निकामी. मला त्या वेळी आलेला राग पंपापेक्षा माझ्यावरच अधिक होता, कारण घेण्यापूर्वी सुट्या भागांची चौकशी मी केली नव्हती.

यावरून सगळे डीसी पंप बेभरवशाचे ठरवणे चूक होईल. अमेरिकेतल्या इकोटेक कंपनीचा व्हेक्ट्रा पंप त्यांच्याच बॅटरीला जोडता येतो, आणि लाईट जाण्याच्या प्रश्नाला हे फार सरळ उत्तर आहे. इटलीतल्या सिचे कंपनीनेही नियंत्रित वेगाचे एसडीसी पंप काढले आहेत. पण त्यांची किंमत माझ्या आकाराच्या टाकीला शोभत नाही. सहाशे-आठशे लिटरांची टाकी असेल, त्याच पंपावर चिलर किंवा एखादा रिअॅक्टरही (पाणी शुद्ध करणाऱ्या पदार्थाने भरलेले नळकांडे) चालवायचा असेल, तर वाचणारी वीज मोठी असते आणि तिथे मी डीसी पंपाचीच शिफारस करीन. फक्त कंट्रोलर कपाटाच्या बाहेर, खोलीच्या हवेत लावावा, त्यासाठी केबल पुरेशी लांब आहे का ते आधी मोजून घ्यावे, आणि कंट्रोलर व अडॅप्टर सुटे मिळतात का, हे दुकानदाराच्या तोंडी शब्दावर न सोडता त्याच्याकडून प्रत्यक्ष मागवून पाहावे.

तिसरा, सध्या चालू असलेला पंप म्हणजे याच सिचे कंपनीचा सिंक्रा सायलेंट ३.०. साधा एसी पंप. कमाल प्रवाह तासाला २७०० लिटर, कमाल उंची ३ मीटर. बटण नाही, अॅप नाही, दिवाही नाही. प्लग लावला की चालतो. आमच्या एक इंची पाइपावर त्याने पहिल्या दिवशी पंधरा लिटरची बादली ३२ सेकंदांत भरली, म्हणजे तासाला सुमारे १६९० लिटर, आणि खोक्यावर छापलेल्या आकड्याशी तुलना करता हे प्रमाण मला प्रामाणिक वाटले. पहिल्या पंपाच्या कित्येक पट किंमत मोजावी लागली. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकरवी स्वस्तात मागवण्याचा मोह अनेकांना होतो, त्यांनी एक गोष्ट पाहून घ्यावी. अमेरिकेत विकले जाणारे एसी पंप ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झचे असतात. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवता येते, पण हर्ट्झ जुळत नाहीत, आणि अशा मोटरचा वेग हर्ट्झवरच ठरत असल्याने ती आपल्याकडे सहाऐवजी पाच हिश्श्यांच्याच वेगाने फिरते.

या पंपाचा आवाज अगदी शून्य नाही. एसी मोटरची १०० हर्ट्झची मंद गुणगुण असतेच, आणि पंप काचेच्या तळावर तसाच ठेवला तर ती कपाटाच्या प्लायवूडमधून मोठी होऊन बाहेर येते. पहिल्या रात्री आईने झोपेतून उठून फ्रिजला काय झाले म्हणून विचारले होते. पंपाखाली स्पंजाचा जाड तुकडा ठेवला, पंप आणि कडक पाइप यांच्या मधे वीतभर मऊ सिलिकॉन नळी घातली, आणि त्यानंतर हॉलमध्ये बसल्यावर पाणी पडण्याचाच आवाज तेवढा येतो. डीसी पंपाच्या शांततेची बरोबरी मात्र होत नाही; ज्यांची टाकी झोपण्याच्या खोलीत आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

इन्व्हर्टरबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. आमच्याकडे जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर होता. त्यावर दिवे लागतात, पंखेही फिरतात, पण हा पंप त्यावर चालवला की त्याची गुणगुण घरघरीत बदलत असे आणि तासाभरात तो नेहमीपेक्षा गरम होई, कारण अशा मोटरला गुळगुळीत साइन वेव्हची सवय असते. शेवटी साइन वेव्ह इन्व्हर्टर घेतला. डीसी पंपाला ही अडचण तितकी भासत नाही, कारण त्याचा अडॅप्टर आलेल्या विजेचे आधी डीसीत रूपांतर करतो. म्हणजे एसी पंपाची किंमत ठरवताना घरात कोणता इन्व्हर्टर आहे हेही हिशेबात धरायला हवे. माझ्याकडून ते राहून गेले आणि नामांकित डीसी पंपांपेक्षा हा स्वस्त पडल्याचा आनंद फार टिकला नाही.

या दोन वर्षांत लाईट गेलेल्या गुरुवारांची मोजदाद मी ठेवलेली नाही, पण त्यातले बरेच गुरुवार मी मुद्दाम पंप इन्व्हर्टरवरून काढून ठेवले, म्हणजे तो थांबावा आणि लाईट आल्यावर त्याला स्वतःच सुरू व्हावे लागावे. प्रत्येक वेळी तो सुरू झाला. एकदा चुना बराच साचला असताना त्याने सुरुवातीला दोन-तीन सेकंद खडखड केली, इम्पेलर मागे-पुढे थरथरला आणि मग पकडला. त्या आठवड्यात मी तो साफ केला. आतला दांडा सिरॅमिकचा असल्याने गंजाचा प्रश्न येत नाही, पण सिरॅमिक ठिसूळ असते, त्यामुळे इम्पेलर ओढून काढताना तो तिरका होऊ देऊ नये. साफसफाई सोपी आहे. पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन त्यात सुटे भाग तासभर बुडवून ठेवायचे, जुन्या टूथब्रशने घासायचे आणि साध्या पाण्याने धुऊन परत बसवायचे. पाइपात पंपाजवळ एक युनियन, म्हणजे हाताने उघडता येणारा जोड, बसवलेला असेल तर हे काम दहा मिनिटांचे होते. नसेल तर करवत घ्यावी लागते, म्हणून ते शंभर-दीडशे रुपये कोणीही वाचवू नयेत.

आणखी एक बाब पंपाच्या निवडीशी थेट जोडलेली आहे आणि तिच्याकडे क्वचितच कोणी पाहते. टाकीतले पाणी उडून जाते तेव्हा वरची पातळी हलत नाही, सम्पातल्या पंपाच्या कप्प्यातलीच पातळी उतरते. आमचा तो कप्पा वीस बाय अडतीस सेंटिमीटर आहे. एप्रिलमध्ये पंखा चालू असताना दिवसाला चार लिटर पाणी सहज उडते, म्हणजे कप्प्यातली पातळी एका दिवसात पाच सेंटिमीटरांनी खाली येते. पंपाचे पाणी घेण्याचे तोंड जितके उंचावर, तितक्या लवकर तो हवा ओढायला लागतो आणि कोरडा फिरला की फार काळ टिकत नाही. दोन दिवस गावाला जायचे असेल तर पंपाची लिटरक्षमता कामाला येत नाही. त्याच्या तोंडाची तळापासूनची उंची आणि आपोआप साधे पाणी भरणारी यंत्रणा कामाला येते. सुरक्षिततेबद्दल मी थोडक्यात एवढेच सांगतो की ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग असल्याशिवाय खाऱ्या पाण्यात कोणताही पंप सोडू नये, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली एकदा वळण घेऊन मग वर जाईल अशी ठेवावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत पोहोचत नाही.

तीन-साडेतीनशे लिटरांची टाकी, मीटरभर चढण आणि जाणारी-येणारी वीज असलेल्या घरासाठी मी आज पुन्हा हाच पंप घेईन. त्याच्या जोडीला स्वस्तातला, पण धुऊन-पुसून कोरडा ठेवलेला एक जादा पंप त्याच मापाच्या जोडणीसह कपाटाच्या खणात ठेवीन. माझा पहिला पंप नवा दांडा घालून सध्या तिथेच पडून आहे. दोन-तीन दिवसांची सोय म्हणून तो पुरेसा आहे आणि त्याहून अधिक भरवसा मी त्याच्यावर ठेवणार नाही.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मी मार्कर पेनाने तारखा आणि त्यांच्यापुढे सेकंद लिहितो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बादली धरायची, वेळ लावायची आणि नोंद करायची. सुरुवात ३२ वर आहे. आकडा ४० च्या पुढे गेला की त्याच दिवशी पंप व्हिनेगरमध्ये. गेल्या रविवारची नोंद ३७ आहे.